दोघींचं उत्तर एकच आलं

मंडळी, सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथं लिहिते.

आज शुक्रवार पेठेत सुमन भेटली. मूळची मैंदर्गीची. सत्तरच्या दशकात सोलापुरात एम.एस्सी. करताना ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची.

तेव्हा बीजगणिताच्या पेपरात, क्ष, य अशा अक्षरांची कशीही अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या बहुपदीवर प्रश्न होता. आम्हा दोघींचं उत्तर तंतोतंत सारखं आलं. सरांनी बोलावून घेतलं. "कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

सुमन म्हणाली, "सर, अशी बहुपदी ठरावीक मूळ बहुपदींतून एकाच रीतीनं मांडता येते, असं तुमीच शिकवलंय की! मग दुसरं उत्तर येणार कुठनं?"

सरांनी मार्क दिले, पण पुढच्या पेपरला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

आज चहा पिताना ते आठवून मला हसू आलं. सुमन हसली नाही.

"सरांना मी गप्प केलं. पण खरं सांग, तू माझं बघितलं व्हतंस की न्हाय?"

"नाही गं!"

"बरं," म्हणाली, पण नजर काही हटली नाही.

उत्तर एकच येतं हे सिद्ध करता येतं. मी बघितलं नव्हतं, हे कसं सिद्ध करू? तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?