बांगड्यांसोबत इब्रीपर्यंत

मस्कतमधल्या अझैबाहून निघालो तेव्हा माझ्या दोन पायांच्या मध्ये बांगडे होते. जिवंत नव्हेत, बर्फाच्या पेटीत शांत पहुडलेले. पण ट्रक वळणावर झुकला की पेटीतलं पाणी माझ्या नव्याकोऱ्या बुटांत डोकावून जायचं. परदेशात जाताय, जरा बरे बूट घ्या, हा बायकोचा हट्ट. त्या बुटांना तिच्याच भावाच्या दारातून निघाल्या निघाल्या मत्स्यस्नान घडलं, याचा आनंद मला आजही लपवता येत नाही.

तिचा भाऊ मिलिंद अझैबात इंजिनिअर आहे. त्याला सुट्टी नव्हती आणि मला घरात बसवत नव्हतं, म्हणून त्याने मला ओळखीच्या सलीमच्या ट्रकमध्ये चढवून दिलं. सलीम ओमानी, बरकाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा मुलगा. डोक्याला भरतकामाची टोपी, अंगात पांढरी दिशदाशा (पायघोळ अंगरखा) आणि तोंडात सिनेमे बघून कमावलेलं हिंदी. मराठी त्याला बोलता येत नसे, पण समजायचं. मस्कतहून तांदूळ भरायचा, डोंगरापलीकडे इब्रीला दाऊदभाईंच्या दुकानात उतरवायचा आणि तिथून खजूर घेऊन परतायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा.

"आणि हे मासे?" मी विचारलं.

"इसका भाडा नहीं, सदीक (मित्रा). दाऊदभाई का बीवी रत्नागिरी का है. इब्री में समुंदर किधर है?"

फंजा गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी डोंगर आले. भाजक्या विटेच्या रंगाचे, अंगावर एक गवताची काडी नसलेले. निझवाला हलव्यासाठी थांबलो. मला अरबी येत नाही, पण गावच्या हौशी नाटकांत मी राजे वठवलेले आहेत. 'थोडासा द्या' हे मी हातवाऱ्यांनी इतक्या राजेशाही थाटात सांगितलं, की दुकानदाराने लग्नाला पुरेल एवढा हलवा बांधून दिला. सलीम स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. ते त्याचं त्या सकाळचं शेवटचं हसू.

पुढे समोरून दुबईच्या पाट्यांचे ट्रक येऊ लागले. सलीम प्रत्येकाकडे मान वळवून बघायचा.

"ये लोग उधर से भरके आता है," तो म्हणाला. "वापस खाली जाने से अच्छा, आधे भाडे में इधर का माल उठाता है. मैं उधर जाएगा तो खाली आएगा. मेरा भाव कौन देगा?"

त्याच्या चुलतभावाने ट्रक विकून चौकीदारी धरली होती. आता दाऊदभाईही दुबईहून तांदूळ मागवणार अशी कुणकुण सलीमच्या कानावर आली होती. तो तांदूळ गेला की नुसत्या खजुरावर ट्रक चालायचा नव्हता. विकावाच लागला असता.

"मग आज विचारून टाका ना!"

"पूछेगा नहीं. देखेगा."

इब्रीला पोचलो आणि विचारायची गरजच उरली नाही. दुकानासमोर दुबईचा ट्रक उभा होता. त्याचा पठाण ड्रायव्हर फाळका पाडून पोती रस्त्यावरच उतरवत होता. आत नेऊन ठेवणं त्याच्या भाड्यात बसत नव्हतं.

सलीमने इंजिन बंद केलं. दाऊदभाई लगबगीने पुढे आले, चेहरा चोरी पकडल्यासारखा, आणि आम्हाला आत घेऊन गेले. पण ओमानात एक रीत आहे. पाहुणा आला की आधी 'काय खबर?' विचारायची, त्याने 'सगळं ठीक' म्हणायचं, मग खजूर, मग कहवा (वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी), आणि कामाचं बोलणं त्यानंतर. इतकी वर्षं इथे काढून आमचे रत्नागिरीकर दाऊदभाई पक्के ओमानी झाले होते.

"काय खबर, सलीम?"

"सब ठीक. खबर कुछ नहीं."

बाहेर धप्पकन पोतं पडलं. रंगमंचावर मी बरेच युद्धप्रसंग केलेत, पण इतकी तंग शांतता नाही अनुभवली. दाऊदभाई माझ्याकडे वळले. "या, बसा. देशावरचे काय तुम्ही?" मी मान डोलावली आणि खजुराचं ताट जवळ ओढलं.

कहव्याचा पेला इवलासा असतो. पुरे झालं की तो मनगटाने हलवून दाखवायचा, नाहीतर यजमान ओततच राहतो. सलीमने पहिल्याच घोटानंतर पेला हलवला. दाऊदभाईंचा हात वाटेतच थांबला.

"तुला तोंड कसं दाखवू?" ते म्हणाले. "पण बाजूचे सगळे दुकानदार दुबईचा स्वस्त तांदूळ विकतायत. माझ्याकडे कोण येणार?"

सलीम उठला. तेवढ्यात दुकानामागच्या घरातून, पडद्याआडून आवाज आला. "आयला का सलीम? माजे बांगडे कुटं हायत?"

दाऊदभाईंच्या पत्नी, जुबेदाबी. मी धावत जाऊन पेटी आणली. पडद्याआड झाकण उघडलं आणि खुशीचा एक उद्गार ऐकू आला. मग तोच आवाज धारदार झाला. "त्या दुबयवाल्याला सांगा बांगडे आनायला!"

दाऊदभाईंनी खरंच पठाणाला हाक मारली. तो बाहेरूनच गरजला, "हम चावल का ड्राइवर है, अर्बाब (मालक)! बॉर्डर पे धूप में लाइन लगता है. मछली उधर ही सालन (रस्सा) बन जाएगा!"

आम्ही सगळे हसलो. सलीम सोडून. पण दाऊदभाई हसता हसता थबकले. "सलीम, इब्रीत कोकणातली, केरळातली किती घरं सुक्या माशांवर दिवस काढतायत! तांदूळ राहू दे त्याचा. तू पेट्या भरून आण. रीतसर भाडं घे. जाताना खजूर आहेच."

सलीमने नाक मुरडलं. मग म्हणाला, "बाप मछली पकडता था. उस बू से भागा, तब ट्रक लिया."

"मग आता बापाकडूनच घे!" पडद्याआडून हुकूम आला. "होडी हाय ना त्याची अजून?"

सलीमने डोळे मिटले आणि खांदे गदगदवत हसला. खाली बसला, हलवून ठेवलेला पेला उचलला आणि स्थिर हाताने पुढे धरला. दाऊदभाईंनी कहवा ओतला. मग तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं लालभडक सालन आलं. पठाणालाही आत बोलावलं. त्याने आधी 'टाइम नहीं' म्हटलं आणि सर्वांत जास्त खाल्लं.

सलीमचा शेवटचा तांदूळ उतरवून, खजूर भरून परत निघालो. दुबईचे ट्रक तसेच येत होते आणि येतच राहणार होते. उद्या त्यांतला एखादा बर्फाची गाडी घेऊनही येईल. पण आज सलीम प्रत्येकाला हॉर्न देत होता आणि मोठ्या पेट्या ट्रकमध्ये कुठे बसतील ते मला हात पसरून दाखवत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत, एवढीच माझी मागणी होती.

अझैबाला मिलिंदने दार उघडलं. बूट मी बाहेरच काढले.

"दाजी, ताईचा फोन होता. नवे बूट कसे आहेत विचारत होती."

मी मागे वळून पाहिलं. गल्लीतल्या मांजरी बुटांभोवती गोल करून बसल्या होत्या.

"सांग तिला," मी म्हणालो, "ओमानात फार पसंत पडले."