दुपारी साडेबाराची अरुंधती

गुरुजींनी मला फसवलं, नवऱ्याने त्यांना साथ दिली, आणि फसवणूक पक्की व्हावी म्हणून मी स्वतः खोटी साक्ष दिली. ठिकाण नौपाड्यातलं एक मंगल कार्यालय, वेळ दुपारी साडेबाराची.

आज हे आठवायचं कारण साधंच आहे. संध्याकाळी वाळलेल्या चादरी काढायला गच्चीवर गेले, तर समोरच्या टॉवरच्या डोक्यावरची जाहिरातीची पाटी बंद पडली होती. एरवी ती आमच्या अख्ख्या गल्लीवर निळा उजेड ओतत असते. चादर खांद्यावर टाकून उत्तरेकडे पाहिलं, तर सप्तर्षी वर आलेले. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला खेटून ती. पांढरी, बारीक, मिठाच्या खड्याएवढी. उन्हात तापलेल्या चादरीचा वास नाकाशी होता, आणि मी एकदम कोपरच्या खाडीच्या बांधावर जाऊन उभी राहिले.

बाबा कारखान्यात फिटर होते. उन्हाळ्यात जेवणाआधी मला बांधावर न्यायचे. अरुंधती दाखवायची त्यांची एक रीत होती: आधी मोठा तारा दाखवायचा, तो नजरेत बसला की मग त्याच्या कुशीतली धाकटी. पहिल्या दिवशी मी कंटाळून म्हणाले, "दिसली." बाबा म्हणाले, "कुठल्या अंगाला?" मी उगाच कुठेतरी बोट केलं. "दिसल्याशिवाय दिसली म्हणायचं नाही, बयो. घाई कुणाला आहे?" चौथ्या दिवशी ती खरंच दिसली. मोठ्याच्या उजवीकडे, जरा खाली. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनीच सरळ सांगितलं, "मला आता नाही गं दिसत. तू बघ आणि मला सांग." ते म्हणताना आवाजात लाज नव्हती की कीव नव्हती. माप घेताना पट्टी जे दाखवेल ते सांगावं, तसं ते बोलले.

मोठेपणी वाचलं, की हा तारा तरुणही नाही आणि म्हातारा तर नाहीच. ऐन संसारात आहे. आपल्या सूर्यासारखाच स्वतःच्या पोटातलं इंधन जाळून उभा, फक्त त्याच्याहून तापट आणि पांढरा. त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते ती यासाठी. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशीएक वर्षं लागतात. म्हणजे आज चादरीवर पडला तो बाबांच्या जन्माच्या सुमारास निघालेला. एवढ्या लांबून प्रामाणिकपणे चालत आलेल्या उजेडाशी आपण जे वागतो, त्याची मला किळस येते.

तर माझं लग्न. सप्तपदी उरकली आणि गुरुजींनी बोट वर केलं, "ती बघा अरुंधती. दिसली म्हणा." वर कागदी फुलांची माळ अडकलेला पंखा फिरत होता. मी हळूच म्हणाले, "गुरुजी, दुपार आहे."

"मुली, हे शास्त्रापुरतं असतं. डोळ्यांनी कशाला बघायचंय? मागे पंगत खोळंबलीय."

नवरा म्हणाला, "दिसली." पार्सल घेऊन सही ठोकावी तसा. सासूबाई मागून म्हणाल्या, "अरे, हिला दुर्बीण आणा कुणीतरी!" आणि सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं. एवढ्या माणसांत तेच विचारू शकले असते, कुठल्या अंगाला म्हणून. ते पायाखालच्या अक्षता बघत होते. मग मी म्हणाले, "दिसली."

त्यानंतर मी कापडाच्या धंद्यात पडले. कळव्यात दारोदार साड्यांचं गाठोडं घेऊन हिंडले, पुढे दुकान टाकलं. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी रडवलंय, पण माझा नेम एकच: कापड दुकानाबाहेर, उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. "ताई, रंग तोच आहे हो," ते म्हणतात. "मग बाहेर यायला तुमचं काय जातं?" दिव्याखाली प्रत्येक रंग खोटं बोलतो. आणि असा नेम पाळणाऱ्या बाईने आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार पंख्याकडे बघून केला!

म्हणून लेकीच्या लग्नात मी अडून बसले. कल्याणला खाडीच्या बाजूचा हॉल निवडला. गोरज मुहूर्त, उत्तर मोकळी असलेली गच्ची, आणि सप्तपदीनंतर पाच मिनिटं सगळे दिवे बंद. मॅनेजर हसला, "मॅडम, लोक एसी मागतात, तुम्ही अंधार मागताय." मी म्हटलं, "उजेडाचं भाडं घेता ना? मग अंधार फुकट द्या." त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं.

लिहिलेलं कागदावरच राहिलं. ऐन वेळी मॅनेजर म्हणाला, "ड्रोनवाल्याला लाइट लागते, मॅडम. नंतर करू ना." लग्न लागलं त्या गच्चीवर सगळे दिवे लखलखत राहिले. गुरुजी तरुण होते, हातात माइक होता. त्यांनी बोट दाखवलं ते बांधकामाच्या क्रेनवरच्या लाल दिव्याकडे. जावई उत्साहात, "दिसली, दिसली!" लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आता तारा दिसला म्हणून टाळ्या वाजवतात. उद्या न दिसल्याबद्दल आहेर करतील.

बाबांच्याच रीतीने तारा बघायला मी शिकवलेली लेक वर बघत राहिली. मग माइकमध्ये ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही दिसली."

"अहो ताई, म्हणायचं असतं," गुरुजी कुजबुजले.

"तुम्हाला दिसली? कुठल्या अंगाला?"

व्याह्यांकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. माझा नवरा माझ्या कानाशी आला, "तिला आवर. तमाशा होतोय." लेकीने माझ्याकडे पाहिलं, अगदी तसं, जसं मी बाबांकडे पाहिलं होतं. माझ्याही पायाखाली अक्षता होत्या. त्यांच्याकडे बघत उभं राहणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं.

मी जिन्याजवळ गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

आरडाओरडा झाला, कुणीतरी मला शिव्याही घातल्या. मग हळूहळू माणसं गप्प झाली, कारण अंधारात मोठ्याने बोलायला माणूस बिचकतो. बऱ्याच वेळाने लेकीचा आवाज आला, "आई, उजवीकडे. जरा खाली." आणि त्यामागून जावयाचा, पहिल्यांदाच खरा वाटलेला आवाज, "अरे, थांब, मला अजून नाही दिसत." त्या एका वाक्यावर मी त्याला पास केलं.

माझे गुरुजी केव्हाच वर गेले. तिथून तरी त्यांना ती दिसत असेल. बाबांना जाऊनही बारा वर्षं झाली, आणि त्यांच्यावरचा राग मी अजून घडी घालून ठेवलाय, टाकवत नाही. उरला एकच साक्षीदार, माझा नवरा. आत्ता तो चहा झाला का विचारायला गच्चीत आला. मी वर बोट केलं.

"हो, हो, दिसली की," तो म्हणाला, मान वर न करता.

चादरीची घडी मी तशीच अर्धी धरून ठेवली आहे. समोरची पाटी केव्हाही पुन्हा लागेल. तोवर त्याने सांगावं, तीस वर्षांपूर्वी दुपारी साडेबारा वाजता दिसलेली ती नेमकी कुठल्या अंगाला होती? उत्तर मिळेपर्यंत मी जिना अडवून उभी आहे.