टाकीच्या झाकणावरचं कुंकू

आमच्या उधन्याच्या घरात लवकर तापणाऱ्या दोघीच, एक मी आणि दुसरी बाबांची मोटरसायकल. माझं तापणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मोटरसायकल मात्र यंदा पाडव्यानंतरच तापायला लागली आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजारातून भाजी आणायची तर एकदम शहाण्यासारखी वागायची. सचिन गावाच्या रस्त्याला लागून जरा लांब गेलं की आधी गचके, मग फट्‌फट्‌ मिसिंग, आणि मग कडेला गप्प. थोडा वेळ थांबलं की पुन्हा निमूट सुरू व्हायची.

दुसऱ्या एखाद्या महिन्यात हे झालं असतं तर बाबांनी हसण्यावारी नेलं असतं. पण आखाजीचा सण तोंडावर आला होता. आम्ही मूळचे खानदेशातले. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, सासरच्यांना त्या गाण्यांतून यथेच्छ टोमणे मारतात. आईचं माहेर नवापूरच्या पुढे. गाडी घेतल्यापासून बाबा दर आखाजीला तिला मागे बसवून नेतात. आगगाडी आहे, बस आहे, तरी आई डोक्याला पदर गुंडाळून, मांडीवर पिशवी घेऊन मोटरसायकलवरच बसते. आता बाबांचे गुडघे कुरकुरतात. यंदा एकदा ती आगगाडीनं गेली की पुढच्या वर्षी कोणी गाडी काढणार नाही, हे बाबांना कळत होतं. मलाही कळत होतं आणि त्यामुळे माझं डोकं जास्तच फिरत होतं.

“आखाजीले मी मायेर जासूच,” आईनं जाहीर केलं. “तुमनी गाडी चालनी ते ठीक, नही ते आगगाडी शेच.”

“तुले मीच ली जासू,” बाबा म्हणाले.

मी आईला दोनदा विचारलं, तिकीट काढू का? दोन्ही वेळा तिनं “थांब ना जराशी” म्हणून विषय बदलला. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाबा पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आयुष्यभर बॉयलर सांभाळत आले. त्यामुळे जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ उष्णता, हे त्यांचं ठाम मत. माझं डोकं दुखलं तरी ते ओलं फडकं घेऊन येतात. इथे तर बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि इंजिनाला हात लावला तर चटका बसत होता. गॅरेजवाल्या गुजराती भाऊंचंही तेच म्हणणं पडलं. “इंजिन गरम थाय एटले मिस मारे छे, बीजुं कंई नथी,” असं म्हणून त्यांनी प्लग बदलला. मग कॉइल बदलली. मग कार्बोरेटर उघडून धुतला. गाडीचा आवाज गोड झाला, मिसिंग होतं तिथेच राहिलं.

आखाजीच्या आधीच्या रविवारी बाबा आणि मी शेवटची चाचणी घ्यायला निघालो. बाबांनी पाण्याची बाटली, ओलं फडकं आणि एक जुना टॉवेल असा सगळा दवाखाना बरोबर घेतला होता. सचिनच्या थोडं अलीकडे गाडीनं गचका दिला. बाबांनी खांदे पाडले. आम्ही ती लिंबाच्या सावलीत लावली, बाबांनी कॉइलवर ओलं फडकं ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे ते टपरीवर चहा सांगायला गेले. त्यांची रीतच ती. आधी टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून, आत पेट्रोल आहे ना बघायचं, झाकण लावायचं, मग चहा. चहा संपेपर्यंत गाडी थंड होते आणि मग ती सुरू होते.

त्या दिवशी मात्र चहाच्या नादात ते झाकण उघडायला विसरले. चहा झाला, गप्पा झाल्या, इंजिनावर हात ठेवता येईल इतकं ते निवलं. किक मारली. घरघर करून गाडी बंद. पुन्हा मारली. तेच.

माझा पारा चढला. मी गाडीला नको नको ते बोलले आणि आता पेट्रोलच संपलं असणार म्हणून तावातावानं झाकण उघडलं. सुस्स्‌ करून आवाज आला, कोणी दात आवळून श्वास घ्यावा तसा. टाकी तर निम्मी भरलेली. मी झाकण आपटून बंद केलं, किक मारली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मी सचिनच्या एका कारखान्यात रंगवलेलं कापड तपासते. कापडावर एकच डाग पुन्हा पुन्हा आला की मी रंगाला दोष देत नाही, त्या कापडाला दर वेळी काय शिवतं ते शोधते. बाबांना म्हटलं, “गाडी सुरू व्हायची ती थंड झाल्यामुळे नाहीच. तुम्ही दर वेळी झाकण उघडत होतात, म्हणून चालत होती.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बंद भांड्याला हवा लागते हे बॉयलरवाल्याला सांगावं लागत नाही. झाकणाला एक बारीक भोक असतं. त्यातून हवा आत जाते, म्हणून पेट्रोल खाली उतरतं. आमच्या झाकणाचं ते भोक लाल लेपानं लिंपून गेलं होतं.

पाडव्याला आईनं गाडीची पूजा केली होती. दसऱ्याचं कुंकू वाऱ्यानं उडून गेलं म्हणून यंदा तिनं ते तेलात कालवलं होतं आणि गाडीचं कपाळ समजून झाकणावर चांगला जाड टिळा लावला होता. वर धूळ बसून त्याचं सिमेंट झालं होतं.

मी इतकी हसले की टपरीवाला बघायला आला. बाबा हसले नाहीत. माझ्या ओढणीची पिन मागून घेऊन त्यांनी भोक कोरलं, खिशातल्या पांढऱ्या रुमालानं झाकण चकचकीत पुसलं आणि म्हणाले, “तिले सांगू नको. तिन्ही मनपासून पूजा करेल शे.” आम्ही पलसाण्यापर्यंत जाऊन आलो. गाडीनं एकदाही हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर त्यांनी प्लगवर ठपका ठेवला आणि आईनं मान डोलावली.

निघायच्या सकाळी आई नवं लुगडं नेसून, वाटीत तेलातलं कुंकू घेऊन खाली आली. हेडलाइटला टिळा लावला, आरशाला लावला. मग तिचा अंगठा सरळ झाकणाकडे निघाला. बाबा गाडीवर बसले होते. त्यांनी झाकणावर पंजा ठेवला आणि आपलं डोकं पुढे वाकवलं.

“गाडीले पुरं झायं. आते माले लाव.”

आईनं अंगठा पुन्हा कुंकवात बुडवला. मग तिनं त्यांच्या कपाळावर भलाथोरला टिळा ओढला आणि मागे बसली. गल्लीच्या वळणावर बाबांनी उगाचच हॉर्न वाजवला.

दुपारी तिचा फोन आला. मागे झोक्याच्या कड्या करकरत होत्या, बायका गात होत्या. गाडी कुठेच थांबली नाही, चहालासुद्धा नाही, असं तिनं मोठ्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग आवाज खाली आणला.

“रुमाल लालभडक कशाघाई व्हयना, माले समजत नही का? कपडा घरमा कोन धोवस?”

मी विचारलं, “मग पुन्हा झाकणाकडे हात कशाला नेलास?”

“हात मी मुद्दामच पुढे करा,” आई म्हणाली. “म्हनं देखू, तुना बाबा काय करतस.”