काट्यावर शंभर

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोमागं पत्र्याच्या ज्या गॅरेजवर नावाची पाटी नाही, ते जनूचं. पाटी कशाला, असं तो विचारतो. ज्याची गाडी बिघडली तो शोधत येतोच, आणि ज्याची बिघडलेली नाही त्याचं तोंड बघायची जनूला हौस नाही. वय अठ्ठावन्न. बोटांच्या पेरांत ग्रीस इतकं मुरलेलं, की देवळात नमस्काराला हात जोडले तरी पुजारी आधी ते हात बघतो आणि मग तीर्थ देतो. गिऱ्हाइकाशी बोलताना जनू गिऱ्हाइकाकडं बघत नाही. कान इंजिनाला लावतो आणि म्हणतो, "गाडी चांगली हाय. चालवणारा गाढव हाय." अर्ध्या उल्हासनगरानं हे त्याच्या तोंडून ऐकलं आहे. तरी लोक पुन्हा येतात, कारण जनूनं जुळवलेलं इंजीन दुसऱ्या कुणाच्या हातात तसं बोलत नाही.

मूळ गाव खरवई. जिथं त्याच्या आज्यानं भात लावला तिथं आता सोळा-सोळा मजले उभे आहेत आणि त्यांतले निम्मे जनूचा चुलतभाऊ नाथा यानं जमिनी जमवून दिल्यामुळं उभे आहेत. जनू आणि नाथा एकाच ओटीवर वाढले, एकाच वर्षी शाळेत गेले. जनू सातवीत नापास होऊन गॅरेजात लागला त्या दिवसापासून नाथा त्याला 'पाना' म्हणू लागला. आज नाथाच्या अंगावर सोन्याची जाड साखळी आहे, दारात तीन गाड्या आहेत, आणि तोंडात अजून तोच शब्द आहे.

दोघांच्या मधे उभी होती एक मोटार. मॉरिस मायनर, त्रेपन्न सालची, दोन दारांची. पाठ कासवासारखी गोल, डोळे मोठे आणि भाबडे, रंग ओल्या शेवाळासारखा. नाथाचा बाप आनंदा यानं ती अंबरनाथच्या एका कारखान्यातले अधिकारी चिंतामणीसाहेब यांच्याकडून घेतली होती. म्हाताऱ्याच्या पायात ताकद होती तोवर तो ती फिरवायचा. पुढं इंजीन जाम झालं, ब्लॉकला तडा गेला. तेव्हा, नऊ वर्षांमागं, म्हातारा गाडी ओढत जनूकडं घेऊन आला आणि म्हणाला, "बघ जमतंय का. तुज्याशिवाय हिला कोण नाय." त्याच वर्षी तो गेला. बोलणं हवेत विरलं. कागद वारसानं नाथाच्या नावावर झाले, आणि गाडी जनूच्या पत्र्याखाली राहिली.

जनूनं तिला दुसरं इंजीन दिलं. तसंच, त्याच जातीचं, स्वतःच्या पैशानं भंगारातून हुडकलेलं. ती चालू लागली. नाथा कधी बघायलाही आला नाही.

मागच्या मार्गशीर्षात नाथानं सोनिवलीला फार्महाऊस बांधलं. वास्तुशांतीला सगळी भावकी जमली. पंगत बसली होती आणि नाथा वाढप्यांच्या मधे उभा राहून पाहुण्यांना बेत सांगत होता.

"गेटच्या बाजूला सिमेंटचा कट्टा करतो. त्याच्यावर बाबाची मॉरिस. चाकं कट्ट्यात पक्की, बॉनेटमधी माती भरून फुलझाडं. येणारा-जाणारा फोटो काढील."

जनूचा हात पानावर थांबला. "बॉनेटमधी माती?"

"मग काय भरू? नऊ वर्स पाना फिरवतोस, अजून गाडी तुज्या पत्र्याच्या भाईर आली नाय."

"चालते ती."

"चालते रं. माजी आजी पन चालायची, काठी घेऊन."

पंगत हसली. जनूनं पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "शंभरनी पळवीन तिला."

आता नाथाला रंग चढला. चार माणसं ऐकत असली की त्याचा आवाज आपोआप मोठा होतो. "पळव. काट्यावर शंभर झाले तर गाडी तुजी, कागद तुज्या नावावर करून देतो. नाय झाले तर शिमग्याला माज्या गेटवर."

"काट्यावर?"

"काट्यावर."

"कबूल," जनू म्हणाला. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडं एवढ्यावर व्यवहार पक्का होतो.

मॉरिसचं इंजीन आठशे तीन सीसीचं. नवी होती तेव्हा कंपनीच्या रस्त्यावर, कंपनीच्या माणसाच्या हाताखाली ती शंभराच्या आसपास गेली असेल. आता तिचं वय सत्तरीच्या वर होतं आणि जनूनं किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून पहिल्यांदा मोजलं तेव्हा ती सत्तरला धापा टाकू लागली.

जनूनं इंजिनापासून सुरुवात केली नाही. तो चाकांपाशी बसला. गाडी जॅकवर घेऊन एकेक चाक बोटानं फिरवायचं आणि थांबेपर्यंत बघत राहायचं. ब्रेक कुठं घासतो, बेअरिंग कुठं अडतं, हे त्याला कानानं कळायचं. गाडीला मागं ओढणारं जे जे आहे ते आधी सोडवायचं, मग पुढं ढकलणाऱ्याकडं वळायचं, ही त्याची रीत. छपरावरचा कॅरियर काढला, बंपर काढले, टायर अरुंद घातले आणि टणक फुगवले. मग इंजिनाचं हेड उतरवून लेथवर चार कागदांएवढं घासून घेतलं. धूर जायच्या वाटा बोटाला कापड गुंडाळून आरशासारख्या केल्या. चार पिस्टन रुमालात बांधून सोनाराकडं नेले, काट्यावर तोलले आणि जड होते ते कानशीनं आतून खरवडून हलक्याच्या बरोबरीला आणले. सोनार म्हणाला, "मामा, लोखंडाला इतका लाड?" जनूनं पुढचा पिस्टन काट्यावर ठेवला.

गाडी अठ्ठ्याऐंशीला गेली. त्याच्या पुढं इंजीन किंचाळायचं आणि वेग तिथंच. तीन आठवडे जनू कुणाशी नीट बोलला नाही. एक गिऱ्हाईक ओरडून परत गेलं, एकाला यानं हाकललं. मग एका दुपारी, ट्रकच्या खाली आडवा पडलेला असताना, त्याला कळलं की इंजिनाचा दोष नाही. मागच्या धुऱ्यातले दात चढणीसाठी कापलेले आहेत. इंजिनाला फार फेरे घालावे लागतात आणि चाकाला थोडेच मिळतात. कुर्ल्याच्या बाजारातून त्यानं नंतरच्या मॉडेलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे त्या दातांचा जोड, मिळवला. गाडीचा सूर खाली आला आणि पाय लांब झाले.

पण दात बदलले तसा स्पीडोमीटर खोटं बोलू लागला, खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला. जनू मीटर काढून उल्हासनगरच्या कॅम्प तीनला जयदेवकडं गेला. जयदेव सिंधी, मीटर आणि घड्याळं दुरुस्त करण्यात केस पिकलेला.

"साईं, हे मैलाचं डायल," जयदेव म्हणाला. "ऐंशी मैलला खतम. आजकल कोण समजतं? मी किलोमीटरचं चिकटवतो, एकशे साठपर्यंत. दस मिनिट का काम."

"दुसऱ्याचं तोंड हिला लावायचं नाय. आतली दातरी बदल आणि काटा खरा कर. बाकी हात लावू नको."

"तू माणूस आहेस की सरकारी कागद?" जयदेव म्हणाला, आणि काटा खरा करून दिला.

शिमग्याला आठ दिवस होते. सोनिवलीच्या पुढं सिमेंटचा नवा रस्ता होऊन पडला होता, वाहतूक सुरू व्हायची होती. गावातली बैलगाड्या पळवणारी मंडळी हौसेनं आली आणि शर्यतीला मारतात तशा चुन्याच्या दोन रेघा मारून दिल्या, बरोबर एक किलोमीटर अंतरावर. एका रेघेवर झेंडीवाला, दुसरीवर नाथाची इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी जिज्ञासा, मोबाईलवर वेळ लावून. छत्तीस सेकंदांत कापलं तर शंभर.

"जाताना एकदा, येताना एकदा," जनू म्हणाला. "वारा कुनाच्या बाजूचा नको."

"आनि बाजूला मी बसनार," नाथा म्हणाला. "तुजा भरवसा नाय."

"बस. तुजं वजन पन ओढील ती."

नाथा बसला तशी गाडी डावीकडं झुकली. जनूनं काच वर केली, पेडलवर घसरू नये म्हणून बुटाचा तळ पुसला आणि गाडी सोडली. पहिल्या रेघेच्या दीड किलोमीटर मागून त्यानं तिला हळूहळू चढवत आणलं, दूध उतू जाऊ न देता तापवावं तसं. रेघ आली तेव्हा पाय फळीला टेकलेला होता. पत्रा गुणगुणत होता, स्टिअरिंगमधून रस्त्याची प्रत्येक सांध हाताला लागत होती आणि त्या चार पिस्टनांचा एकच आवाज येत होता. नाथानं दाराची कडी धरली. जनू त्याच्याकडं न बघता म्हणाला, "कडी जुनी हाय, सोड." येताना वारा पाठीशी होता.

जिज्ञासा पळत आली. "जाताना छत्तीस पॉइंट चार, येताना पस्तीस पॉइंट दोन. सरासरी शंभरच्या वर आहे, काका."

नाथा उतरला. गाडीला टेकून उभा राहिला. पाणी प्याला. मग म्हणाला, "मी काटा बघत होतो. त्रेसष्ट-चौसष्टच्या वर गेला नाय."

"पप्पा, ते मैल आहेत. बासष्ट मैल म्हणजे शंभर किलोमीटर."

"मैल काय ते मना ठावं नाय. बोललो काय होतो? काट्यावर शंभर. हिच्या काट्यावर शंभर हायच नाय. ऐंशीला संपतो. बघा, कुनीपन बघा."

माणसं खिडकीतून वाकून बघू लागली. खरंच ऐंशीच्या पुढं आकडा नव्हता.

जनूच्या आयुष्याची चाळीस वर्षं उल्हासनगरच्या भंगारात आणि बाजारात गेली. तिथं काटा म्हणजे वजनाचा काटा. 'अंदाज नको, काट्यावर दे' म्हणजे खरं मोजून दे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. वास्तुशांतीच्या पंगतीत त्यानं तोच ऐकला आणि तोच कबूल केला. मोटारीचा काटा त्याच्या मनातही आला नव्हता. नाथाचं आयुष्य जमिनीच्या कागदांत गेलं होतं, तिथं शब्दाला धरून माणसाला पाडतात.

"पप्पा, हे चीटिंग आहे," जिज्ञासा म्हणाली.

"तू गाडीत जाऊन बस."

सगळे भावकीतल्या म्हाताऱ्यांकडं बघू लागले. त्यांतला थोरला चुन्याच्या रेघेकडं बघत म्हणाला, "शब्द तसाच व्हता, जनू. आमी ऐकलाय."

जनू भांडला नाही. जयदेवचा दहा मिनिटांचा डायल एकदा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला असेल. "शिमग्याला घेऊन जा," तो म्हणाला आणि गाडी सावकाश, तीसच्या पुढं न नेता, विठ्ठलवाडीला आणली.

दोन दिवसांनी नाथा स्वतः गॅरेजवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मॉरिसच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला. "गेटवर नाय ठेवत हिला. कर्जतपर्यंत घेऊन जाईन म्हनतो. काय पळते रं. टाकी भरून ठेव."

"शिमग्याला ये," जनू म्हणाला.

जुन्या गॅरेजांची एक रीत आहे. नवा पार्ट घातला की जुना गोणीत बांधून ठेवायचा आणि गाडीबरोबर परत द्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला बोलायला जागा राहत नाही. जनूच्या पोटमाळ्यावर मॉरिसच्या सहा गोण्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. त्यानं त्या उतरवल्या आणि शटर ओढून घेतलं. आपलं इंजीन उतरवलं, तडकलेलं बसवलं. आपला क्राऊन-पिनियन काढला, झिजलेला घातला. कुजलेल्या वायरी, गंजलेले ब्रेकचे पाईप, गळकी टाकी. नऊ वर्षांत जे जे काढलं होतं ते ते जिथल्या तिथं. बाहेरचा बोल्ट एकही वापरला नाही. मधे एकदा तो पायरीवर जाऊन बसला आणि हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

शिमग्याच्या सकाळी नाथा नवा शर्ट घालून आला. चावी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली.

"हे काय?"

"तुजी गाडी. तुज्या बापानं मना दिली तशी. माज्याकडं तुजा एक नट राह्यला नाय. मोजून घे."

"इंजीन कुठं?"

"आत हाय. चिंतामणीसाहेबाचंच. जाम."

"दावा लावीन तुज्यावर."

"लाव. कागदावरचा इंजीन नंबर तपासून लाव."

नाथानं खिशातून कागद काढला, बॉनेट उघडून नंबर ताडला, तो जुळला तशी कागदाची पुन्हा घडी घातली. शेवटी म्हणाला, "बोल, काय घेशील? ते इंजीन परत बसव."

"गेटवर उभी राह्यची ती. तिला इंजीन कशाला?"

"पाना तो पानाच," नाथा म्हणाला. त्याच्या ड्रायव्हरनं मोठ्या गाडीला दोर बांधला. हँडब्रेक अडकला होता, तो सोडवायला जनूच वाकला. मॉरिस ओढली गेली, एका चाकावर किरकिरत, डेपोच्या कोपऱ्यावरून वळली.

जनू आत आला. त्याचं इंजीन लाकडी ठोकळ्यांवर बसलं होतं. त्याला बसेल अशी दुसरी गाडी उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुणाकडं नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं प्लग काढले, चारी भोकांत थोडं थोडं तेल सोडलं, आणि आत गंज धरू नये म्हणून हातानं त्याला एक पूर्ण फेरा दिला.