जपानात दहा वाजता

कोपरच्या खाडीकाठी राहणारी चंद्रभागा सकाळी साडेसहाला चूल पेटवायची आणि मनाशी म्हणायची, जपानात आता दहा वाजले. शाळा भरल्या असतील. पोरं टीव्हीसमोर बसली असतील आणि आपला गोमाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यांच्यासाठी जाळं फेकत असेल. मग ते गोल जाळं तिच्या डोळ्यांपुढे सावकाश उघडायचं, पाण्यावर टेकायचं आणि इकडे चहा उतू जायचा. सून कटकट करायची. करू दे बापडी! सासू कुठे फिरून आली ते तिला काय ठाऊक.

गोमाजी, चंद्रभागेचा नवरा, एकोणनव्वद साली काविळीने गेला, त्याला आता दोन वर्षं झाली होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. हार घालायला भिंतीवर काही नाही, हे तिला फार लागायचं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा चेहरा दिवसेंदिवस पुसट होत चालला होता. आठवायला बसलं की कुठून तरी धुकं यायचं.

म्हणून तिचा सगळा जीव त्या जपानी फिल्मवर. शहाऐंशी साली टोकियोच्या एका टीव्ही कंपनीची चार माणसं खाडीवर आली होती. चिखलातून मासे धरणाऱ्या माणसांवर त्यांना शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम करायचा होता. दुभाष्याने आदल्या दिवशी बजावलेलं, गोमाजीने रोजच्यासारखंच यावं, कमरेला रुमाल आणि वर उघडा. पण परदेशाहून पाहुणे येणार आणि नवरा उघडा? चंद्रभागेला हे कसं पटावं! तिने ट्रंकेतून लग्नातला काळा कोट काढला आणि नवऱ्याला नटवून काठावर उभा केला. जपान्यांनी कंबरेत वाकून वाकून विनवलं, कोट उतरवा. गोमाजी एक नंबरचा हट्टी. बायकोने हौसेने घातलेला कोट चारचौघांत उतरवायचा नाही म्हणजे नाही. शेवटी त्याचा चुलतभाऊ दामाजी रुमाल लावून पाण्यात उतरला आणि गोमाजी दिवसभर कॅमेरावाल्याच्या खांद्याशी उभा राहून दामाजीच्या चुका काढत राहिला.

चुलीपुढे ती हे सगळं सोयीस्कर विसरायची. डोक्यावर माशांची पाटी आली की आठवायचं आणि मग डोंबिवलीच्या रस्त्याने ती स्वतःला शिव्या घालत चालायची. आपल्याच हाताने आपण नवऱ्याला फिल्मबाहेर ठेवलं. पण अख्ख्या दिवसात एकदा तरी कॅमेरा त्याच्याकडे वळला असेल की! नसेल का?

तिच्या गिऱ्हाइकांत हरिहर कर्णिक नावाचे निवृत्त हेडक्लार्क होते. तिच्यासाठी त्यांनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून त्या फिल्मची प्रत मागितली. उत्तरासोबत कंपनीची एक पुस्तिकाच आली, आणि तेव्हापासून हरिहरभाऊ स्वतःच कंपनीचे भागीदार असल्यासारखे बोलू लागले. कंपनी निघाली तेव्हा जपानात घरोघर टीव्ही नव्हते, म्हणून तिने चौकाचौकांत टीव्ही मांडले आणि हजारो माणसं उभ्याने कुस्ती बघायची. पुढे चित्रांत रंग आला, शाळांसाठी सकाळचा तास आला, कॅमेरे जगभर फिरू लागले. आणि काढलेली प्रत्येक फिल्म एका थंडगार खोलीत जन्मभर जपून ठेवलेली. चंद्रभागा कोळंबी मोजायची विसरून ऐकत राहायची. त्या खोलीत गोमाजीला थंडी वाजत असेल, असं तिला उगाचच वाटायचं.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात कॅसेट आली. जपानची कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालत नाही, म्हणून कंपनीने मुद्दाम इथे चालेल अशी करून पाठवली होती. हरिहरभाऊंनी भाड्याने व्हीसीआर आणला आणि भर दुपारी पडदे ओढले. चंद्रभागा नवं लुगडं नेसून आली होती.

खाडी दिसली. भरती आली, ओसरली. दामाजी दिसला, परत दामाजी, परत दामाजीच. एक बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी सांगत होती. अगदी शेवटी गुडघाभर चिखलात वाकलेली एक कोळीण आली. तिने मान वर केली, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघितलं आणि तोंडभर हसली. फिल्म संपली.

गोमाजी नव्हता. हरिहरभाऊंना तिच्याकडे बघवेना. ते चष्मा पुसत बसले. कुठल्या तोंडाने समजूत घालायची?

"भाऊ, ती मी हाय," चंद्रभागा हळूच म्हणाली. "परत लावा."

त्यांनी कॅसेट मागे घेतली. ती पुढे सरकून, काचेला जवळजवळ नाक लावून बघू लागली.

"परक्या बाप्यांना बगून मी कदी हसले नाय. त्यांच्या बाजूला आमचे हे उभे होते. मी अशी दिसायची यांना."

हरिहरभाऊंनी न सांगता तिसऱ्यांदा लावली. चिखलातली बाई हसली तशी इकडे चंद्रभागाही हसली, डोळे वाहत असताना हसली, आणि समोरून तिच्याकडे बघत असलेला गोमाजी तिला लख्ख दिसला.