फादरांचं पान

सर्वपित्रीला तांदळाच्या खिरीचा वास सुटला की मला दापोडीची रेल्वेलगतची खोली आठवते. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, पन्नास सालाच्या पुढचं. आमचे हे कोकणातले. वर्कशॉपातून रात्रपाळी करून आले आणि डोळे मिटत असतानाही म्हणाले, "आणखी एक पान वाढ. फादरांचं." लग्नाआधी ह्यांची बोट समुद्रात बुडाली होती. बोटीवरच्या एका पाद्र्यांनी अंगातलं तरंगायचं जाकीट काढून ह्यांना घातलं, आणि स्वतः रडणाऱ्या माणसांचे हात धरून त्या बोटीवरच राहिले. पहाटेपासून चुलीपुढे बसून मी वैतागले होते. म्हटलं, "अहो, किरिस्तावांना आपलं पान चालतं का?" "मला जाकीट घालताना त्यांनी असलं काही विचारलं नव्हतं," हे म्हणाले. "त्यांना ना बायको, ना मूल. त्यांना कोण वाढणार?" पान पत्र्यावर ठेवून, कावळा शिवेपर्यंत हे उपाशीच भिंतीला टेकून उभे राहिले. आता हे जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. गुडघे धरतात, तरी दोन पानं वाढते. फादरांचं आधी ठेवावं लागतं. नाहीतर ह्यांच्या पानाला कावळा शिवत नाही.