फोडणीआधीची चव

नागपूरकरांच्या लेखी फिकं जेवण म्हणजे आजारपण, आणि अलकनंदा पक्की नागपूरकर. त्यामुळे लॉकडाउनच्या पहिल्याच रविवारी परदेशातल्या, सिटीवेस्टच्या घराबाहेर शेजारच्या म्हाताऱ्या ग्रीक लेफ्टेरिसकाकांनी मातीचं मडकं आणून ठेवलं, तेव्हा आत बघून तिने कपाळाला हात लावला. काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र. झाकणाच्या कडा कणकेने लिंपून रात्रभर मंद ओव्हनमध्ये शिजवलेले. तिखट नाही, हळद नाही, काही म्हणता काही नाही!

चव न बघताच तिने हिंग-लसणाची चरचरीत फोडणी दिली, वर सावजी मसाला. नवरा अंबरीश बोटं चाटत म्हणाला, "ग्रँड झालंय!" मडकं परत करताना अलकनंदाने तोंड भरून कौतुक केलं. मग काय, दर रविवारी मडकं आणि दर रविवारी फोडणी. काका कुंपणापलीकडून विचारायचे, "माझ्या आईची पद्धत आहे. आवडतं ना?" ती हो म्हणायची. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतंय?

पुढच्या वर्षी काकांना कोविड झाला. जीव वाचला, पण गेलेली चव काही परत येईना. एका रविवारी ते स्वतःच मडकं आणि चमचा घेऊन दारात उभे राहिले.

"मला आता काही कळत नाही. अंदाजाने केलंय. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी लेक येतेय, तिला आजीच्या हातचे चणे हवेत. ती चव इथे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? सांग, तशीच झालीय?"

अलकनंदाने त्यांच्या हातातला चमचा घेतला. ऑफिसात सॉफ्टवेअर तपासून पोट भरणारी बाई. घरी मात्र वर्षभर न तपासताच पास करत आली होती.

"अगं, सांगून टाक खरं," अंबरीश मागून मराठीत पुटपुटला.

तिने घास घेतला. लोण्यासारखे मऊ चणे, कांद्याचा गोडवा, मागून तमालपत्राचा हलका वास. इतकं छान होतं हे? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीठ कमी होतं, की असंच असायचं? ज्यांना माहीत होतं, तेच तिच्या तोंडाकडे बघत होते.

"अगदी तशीच," ती म्हणाली.

काकांचे डोळे भरून आले. "मग आईची चव हरवली नाही. तुझ्याजवळ सुखरूप आहे," ते म्हणाले आणि मडकं तिच्या हाती देऊन गेले.

त्या दुपारी अलकनंदाने फोडणी दिली नाही. चणे सगळे संपवले, पण मीठ कमी होतं की तसंच असायचं, हे शेवटच्या घासापर्यंत तिला कळलं नाही.